जुन्या नकाशानं केला घात!

आमच्या शाळेच्या कपाटात महाराष्ट्राचा एक जुना नकाशा आहे. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडी असलेला. परवा पाऊस झाला, मैदान सगळं ओलं. खेळाचा तास वर्गातच घ्यावा लागला. म्हणून तो नकाशा बाहेर काढला, धूळ झटकली आणि भिंतीवर टांगला. "चला, आपापल्या मामाचं गाव शोधा बरं!" म्हटल्याबरोबर सगळा वर्ग नकाशाभोवती गोळा झाला.

चौथीतली एक मुलगी बराच वेळ नकाशावर बोट फिरवत राहिली. आमची गोंडपिपरी चंद्रपूर जिल्ह्यात. तिच्या मामाचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, आष्टीजवळ, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात. शेवटी रडवेली होऊन ती म्हणाली, "सर, आमच्या मामाचा जिल्हाच नाही जी याच्यात!"

खरंच नव्हता! गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. आमचा नकाशा त्याच्याही आधीचा. त्यात सगळं रान, सगळ्या नद्या एकट्या चंद्रपूर जिल्ह्यातच!

मुलं खो खो हसली. मी म्हणालो, "हसू नका. अशाच एका जुन्या नावावर भरवसा ठेवला म्हणून आपले तीन शूर वैमानिक शत्रूच्या हाती सापडले होते. अगदी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर!"

वर्ग एकदम चिडीचूप झाला. मग एका मुलानं विचारलं, "सर, लढाईत इमान पडलं, तं पायलट कसा वाचते जी? अन् मग तो घरी कसा येते?"

मित्रांनो, प्रश्न किती छान आहे! विमानांच्या लढाईच्या गोष्टीत विमान पडलं की बहुधा गोष्ट संपते. पण वैमानिकाचं काय होतं? त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून ही खरी गोष्ट सांगतो. तिचा नायक मराठी आहे. त्यांचं नाव दिलीप पारुळकर.

आकाशातले दोन आठवडे

आधी थोडं त्या युद्धाविषयी. १९७१ साली पाकिस्तानचे दोन भाग होते. एक आपल्या पश्चिमेला, दुसरा पूर्वेला. पूर्वेकडच्या बंगाली लोकांवर तिथल्या लष्करानं फार अत्याचार केले. सुमारे एक कोटी माणसं घरदार सोडून भारतात आली. तणाव वाढत गेला. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी श्रीनगर, अमृतसर, पठाणकोट, आग्रा अशा आपल्या विमानतळांवर अचानक हल्ले केले आणि युद्ध पेटलं.

त्या वेळी एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल आपल्या हवाई दलाचे प्रमुख होते. पूर्वेला आपल्या विमानांचं पहिलं काम होतं ढाक्याच्या धावपट्ट्या निकामी करण्याचं. का बरं? अहो, विमान कितीही चांगलं असलं तरी धावायला सपाट रस्ता नसेल तर ते गोठ्यात बांधलेल्या बैलासारखंच! ६ आणि ७ डिसेंबरला आपल्या मिग-२१ विमानांनी तेजगावच्या धावपट्टीवर बाँब टाकून मोठमोठे खड्डे पाडले. त्यानंतर तिथली सेबर जेट विमानं लढायला उडूच शकली नाहीत.

११ डिसेंबरला टांगाईल इथं आपल्या सुमारे ५० वाहतूक विमानांतून जवळजवळ ७०० छत्रीधारी सैनिक उतरले. ही पलटण होती २ पॅरा. ती मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण! ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट अडवायची, पूल ताब्यात घ्यायचा, हे तिचं काम. ते तिनं चोख केलं.

१४ डिसेंबरला तर गंमतच झाली. ढाक्यात गव्हर्नरांची महत्त्वाची बैठक होणार अशी बातमी लागली. विंग कमांडर भूपेंद्रकुमार बिष्णोई मिग विमानात बसून निघण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात निरोप आला, बैठकीची जागा बदलली आहे, आता गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला करायचा. पण ती इमारत शोधायची कशी? त्यांच्याजवळ होता प्रवाशांसाठी छापलेला ढाका शहराचा साधा नकाशा! तो बघत बघत त्यांनी ती इमारत बरोबर हेरली. इमारतीवर रॉकेटं बरसली आणि त्याच दिवशी गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहून दिला. दोन दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपल्या ताब्यात आले आणि बांगलादेश स्वतंत्र झाला.

पश्चिमेला लढाई जास्त कठीण होती. राजस्थानात लोंगेवाला इथं आपल्या शंभर-सव्वाशे जवानांवर रात्रीच्या अंधारात रणगाडे चालून आले. जवानांनी रात्रभर ठाणं सोडलं नाही. ५ डिसेंबरला उजाडताच जैसलमेरहून आपली हंटर विमानं आली आणि वाळूत अडकलेले रणगाडे त्यांनी एकेक करून टिपले. १४ डिसेंबरला श्रीनगरवर शत्रूची सेबर विमानं आली, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों छोट्याशा नॅट विमानातून त्यांच्याशी भिडले. त्यात त्यांना वीरमरण आलं. परमवीर चक्र मिळालेले ते हवाई दलाचे एकमेव वीर आहेत.

पंजाबच्या सीमेवर सुखोई-७ विमानांच्या तुकड्या लढत होत्या. आज पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० उडतं ना, त्याचं हे फार जुनं भावंड. एक इंजिन, एकच वैमानिक. याचं काम मोठं जोखमीचं. अगदी खालून, झाडांच्या शेंड्यांवरून म्हणावं इतकं खालून उडायचं आणि शत्रूचे रणगाडे, तोफा, रेल्वे, पूल यांच्यावर हल्ला करायचा. इतक्या खालून उडालं की जमिनीवरच्या तोफांचा मारा हमखास होणार. या सुखोईच्या २६ नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये होते फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर पारुळकर.

खांद्यात जखम, तरी विमान घरी

पारुळकर १९६३ च्या मार्च महिन्यात हवाई दलात अधिकारी झाले. दोनच वर्षांनी, १९६५ साली, पाकिस्तानशी युद्ध झालं. तेव्हा ते हंटर विमान चालवत. एका मोहिमेत शत्रूचा मारा त्यांच्या विमानाला लागला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. त्यांच्या म्होरक्यानं सल्ला दिला, "विमान सोडून बाहेर पड." जीव वाचवायचा तर तेच सोपं होतं. पण पारुळकरांनी विमान सोडलं नाही. जखमी खांद्यानंच ते सांभाळत तळावर आणलं आणि सुखरूप उतरवलं. या पराक्रमासाठी त्यांना वायुसेना पदक मिळालं.

हसरा, धाडसी आणि थोडा हट्टीच गडी! युद्धात कधी पकडलो गेलो तर पळून येईन, हे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ती वेळ खरंच आली.

१० डिसेंबर १९७१. पारुळकरांच्या सुखोईला विमानविरोधी तोफेचा मारा लागला. या वेळी विमान वाचण्यासारखं नव्हतं. त्यांनी खुर्चीची खिट्टी ओढली.

आता आमच्या वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर ऐका. लढाऊ विमानातली खुर्ची साधी नसते. तिच्याखाली स्फोटक दारू भरलेली असते. खिट्टी ओढली की आधी डोक्यावरचं काचेचं झाकण उडतं, मग खुर्ची वैमानिकासकट तोफेतून गोळा सुटावा तशी वर फेकली जाते. मग छत्री उघडते. हे सारं घडतं डोळ्यांची उघडझाप व्हावी इतक्या वेळात. जीव वाचतो, पण धक्का इतका जबर असतो की पाठीचे मणके दबू शकतात, हातपाय मोडू शकतात. याच युद्धात स्क्वॉड्रन लीडर कामत यांचे बाहेर पडताना दोन्ही पाय मोडले होते.

पारुळकर छत्रीनं खाली उतरले. पण कुठं? शत्रूच्या मुलखात! ते पकडले गेले, युद्धकैदी झाले.

युद्धालाही नियम असतात!

मित्रांनो, खेळाला नियम असतात, तसे युद्धालाही असतात. १९४९ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात जगातल्या देशांनी मिळून काही नियम ठरवले. युद्धकैद्यानं आपलं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यातला क्रमांक एवढंच सांगायचं, बाकी काही सांगण्याची सक्ती नाही. त्याला अन्न, औषध द्यायचं. त्याला घरी पत्र लिहू द्यायचं. आणि एक नियम तर फार महत्त्वाचा. कैद्यानं पळून जायचा प्रयत्न केला आणि तो पुन्हा पकडला गेला, तर त्याला जिवे मारायचं नाही. फक्त शिस्तभंगाची शिक्षा द्यायची आणि तीसुद्धा जास्तीत जास्त ३० दिवस. हा नियम लक्षात ठेवा, तो आपल्या गोष्टीत पुढं लागणार आहे.

आपल्या वैमानिकांना रावळपिंडीच्या एका छावणीत ठेवलं होतं. आधी प्रत्येकाला वेगवेगळ्या कोठडीत एकटं ठेवलं. बोलायला माणूस नाही, वाचायला पुस्तक नाही. मग २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, सगळ्यांना पहिल्यांदा एकत्र भेटू दिलं. बारा भारतीय वैमानिक! कुणाच्या पायाला प्लॅस्टर, कुणाची पाठ दुखावलेली. पण एकमेकांना बघून सगळ्यांचे चेहरे कसे फुलले असतील, कल्पना करा. त्यांच्यात वरिष्ठ होते विंग कमांडर कोएल्हो. छावणीचा पाकिस्तानी प्रमुखही माणुसकीनं वागणारा होता.

युद्ध संपलं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, उन्हाळा आला. सुटकेचं नाव नाही. पारुळकरांच्या डोक्यातला किडा काही शांत बसेना. पळायचं! त्यांना साथ मिळाली दोन तरुण साथीदारांची. फ्लाइट लेफ्टनंट मलविंदर सिंग ग्रेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी.

भिंत, विटा आणि धीर

पळायचं म्हटलं की सिनेमातला नायक भिंतीवरून उडी मारतो आणि मोकळा होतो. खरं पळणं तसं नसतं. खरं पळणं म्हणजे तयारी, तयारी आणि तयारी.

पहिला प्रश्न, जायचं कुठं? भारताची सीमा जवळ, पण तिथं दोन्हीकडून सैन्य उभं आणि सुरुंग पेरलेले. म्हणून त्यांनी उलटी दिशा धरली. पश्चिमेला जायचं, पेशावरहून खैबर खिंडीतून थेट अफगाणिस्तानात! अंतर जास्त, पण तिकडं जाईल असं कुणाच्या मनातही येणार नाही.

दुसरा प्रश्न, कोठडीतून बाहेर कसं पडायचं? हाताशी लागेल त्या बारीकसारीक हत्यारांनी त्यांनी भिंतीचा गिलावा खरवडायला सुरुवात केली. एकजण खरवडणार, दुसरा पहारेकऱ्याच्या पावलांकडे कान लावून बसणार. खरवडलेलं चुरमाड लपवायचं, वीट सैल करायची, दिवसा परत जागच्या जागी बसवायची. आठवडेच्या आठवडे हे काम चाललं. मागे राहणाऱ्या साथीदारांनीही त्यांना मदत केली. आपण सुटणार नाही, उलट हे तिघं पळाल्यावर आपले हाल वाढतील, हे ठाऊक असून मदत केली! सांगा पाहू, यात पळणारे जास्त शूर की मागे राहणारे?

तिसरा प्रश्न, लोकांत मिसळायचं कसं? त्यांनी पठाणी कपडे मिळवले. कैद्यांना मिळणाऱ्या हातखर्चातून पैसे साठवले. घरगुती होकायंत्र बनवलं. खोटी नावं ठरवली, फिलिप पीटर, हॅरॉल्ड जेकब आणि अली अमीर. कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही पाकिस्तानी हवाई दलातलेच, सुट्टीवर फिरायला निघालोय. आणि मिळेल त्या नकाशावरून रस्ता पाठ केला.

जुलैअखेरचा एक प्रयत्न फसला. पण कुणाला पत्ता लागला नाही. तिघांनी धीर सोडला नाही.

वादळी रात्र

१२ ऑगस्ट १९७२, शनिवार. दुसऱ्या दिवशी रविवार आणि सोमवारी १४ ऑगस्टला पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन. म्हणजे कचेऱ्या सुस्तावलेल्या, पहारेही ढिले. मध्यरात्र उलटली आणि बाहेर वादळ सुटलं. धुळीचे लोट उठले. पहारेकऱ्यानं डोक्यावर पांघरूण ओढून घेतलं. तिघांनी शेवटचा गिलावा ढकलला, भोकातून अंग बाहेर काढलं आणि भिंत ओलांडून ते रस्त्यावर आले!

रस्त्यावर रात्रीचा सिनेमा सुटला होता. त्या गर्दीत तिघं मिसळून गेले. मग बस धरली पेशावरची. पहाटे पेशावर. तिथून टांग्यानं जमरूद. जमरूदहून पुन्हा बस. आत जागा नाही, म्हणून तिघं टपावर बसले. खाली खैबर खिंडीचा वळणावळणाचा घाट. शेकडो वर्षांपासून सैन्यं, व्यापारी, उंटांचे तांडे जिथून गेले, ती खिंड! सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराला बस लंडी कोतल नावाच्या गावी पोचली.

इथून अफगाणिस्तानची सीमा किती लांब होती म्हणता? अवघी सहा-सात किलोमीटर! आमच्या गोंडपिपरीची माणसं बाजाराच्या दिवशी एवढं अंतर पायी सहज चालतात. रात्री कोठडीत असलेले तिघं सकाळी स्वातंत्र्यापासून इतके जवळ येऊन पोचले होते.

लंडी खाना कुठं आहे?

इथंच तो घात झाला.

त्यांच्या पाहण्यात आलेल्या नकाशात सीमेच्या अगदी जवळ एका रेल्वे स्टेशनचं नाव होतं, लंडी खाना. तिघांनी ठरवलं, आधी लंडी खानाला जायचं, मग सीमा. त्यांनी एका चहाच्या दुकानात सहज विचारलं, "लंडी खाना किती लांब आहे हो?"

ऐकणारे एकमेकांकडे बघू लागले. लंडी खाना? ते कुठलं?

बालमित्रांनो, ती रेल्वे इंग्रजांनी बांधली होती. १९२६ साली गाडी लंडी खानापर्यंत जाऊ लागली. आणि १५ डिसेंबर १९३२ रोजी इंग्रजांनीच ते स्टेशन बंद करून टाकलं. म्हणजे या तिघांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा! चाळीस वर्षं त्या स्टेशनात गाडी आली नव्हती. लोक ते नावही विसरून गेले होते. विसरला नव्हता फक्त नकाशा.

मग तिघांच्या लक्षात आलं की इथल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर टोपी किंवा पागोटं आहे आणि आपण बोडके. घाईघाईनं टोप्या घेतल्या. सीमेवरच्या तोरखम गावी जायला टॅक्सी ठरवली. पण तोवर संशयाची ठिणगी पडली होती. आपल्या गोंडपिपरीला तहसील कचेरी आहे ना, तशीच तिथंही होती. तिथला एक कारकून पुढं आला आणि त्यानं तिघांना अडवलं. परके चेहरे, परकी बोली आणि नसलेल्या गावाची चौकशी! त्या दिवसांत पाकिस्तानात अडकलेले बरेच बंगाली लोक याच वाटेनं अफगाणिस्तानात पळून जात. त्याला वाटलं, हेही तसलेच.

तिघांना पोलिटिकल एजंटसमोर, म्हणजे तिथल्या मोठ्या अधिकाऱ्यासमोर उभं केलं. प्रसंग बाका होता. सीमेवरचा मुलूख, हातात बंदुका असलेली माणसं. हेर समजून कुणी गोळी घातली तर? इथंही पारुळकरांनी डोकं शांत ठेवलं. रावळपिंडीच्या छावणीचा तो माणुसकीचा प्रमुख आता पाकिस्तानच्या हवाई दलप्रमुखांकडे नेमणुकीला होता. पारुळकरांनी त्याच्याशी फोनवर बोलू द्यायची विनंती केली आणि खरं काय ते सांगून टाकलं, "आम्ही भारतीय वैमानिक आहोत, युद्धकैदी आहोत." पलीकडून खात्री पटवली गेली, हे आमचे कैदी आहेत, त्यांना इजा करू नका. तिघांचे प्राण वाचले. एका शत्रूच्या शब्दानं वाचले, हे विसरू नका.

शिक्षा काय झाली? जिनिव्हाचा नियम आठवतो ना? ३० दिवस एकांतवास. पुढं त्यांना लायलपूरच्या तुरुंगात इतर भारतीय कैद्यांबरोबर ठेवलं. आजच्या नकाशात लायलपूर शोधाल तर सापडणार नाही हं! आता त्या शहराचं नाव आहे फैसलाबाद. बघा, नकाशा पुन्हा बदलला!

अखेर दोन्ही देशांत बोलणी झाली. १ डिसेंबर १९७२ रोजी पारुळकर आणि त्यांचे साथीदार वाघा सीमेवरून चालत भारतात आले. पळून नव्हे, ताठ मानेनं!

या धाडसासाठी पारुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. ते ग्रुप कॅप्टन झाले. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएमध्येही त्यांनी बटालियन कमांडर म्हणून काम केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. ऑगस्टमध्येच ते एकदा भिंत फोडून निघाले होते.

जे परत आले नाहीत...

गोष्ट इथं संपवली असती तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती न सांगणं बरं नाही.

त्याच युद्धात आणखी एक मराठी वैमानिक होते. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. तेही सुखोई-७ चालवत. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट इथल्या विमानतळावर हल्ला करायला ते गेले आणि त्यांचं विमान पडलं. ते परत आले नाहीत. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून जे आले, त्यांतही ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या खेळाडू. युद्ध झालं तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी नवऱ्याचा शोध कधी सोडला नाही. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, पत्रं लिहिली. २००७ साली बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहायलाही गेले. पण हाती काही लागलं नाही. आपल्या बेपत्ता सैनिकांच्या त्या यादीत ५४ नावं आहेत.

हे ऐकल्यावर आमच्या वर्गातली ती मामाचा जिल्हा शोधणारी मुलगी हळूच म्हणाली, "सर, म्हणजे त्यायच्या घरचे अजून वाट पाहतात?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. आकाशातून विमान गेलं की आपण धावत अंगणात येतो, हात हलवतो. लढाई म्हटली की आपल्याला रॉकेट, बाँब, विजय आठवतो. पण प्रत्येक विमानात एक माणूस असतो आणि त्याच्या घरी कुणीतरी दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं. आपल्या विमानात असतं, तसंच शत्रूच्या विमानातही. म्हणून तर युद्धालाही नियम लागतात, आणि ते नियम पाळणारा माणूस शत्रू असला तरी आपण त्याला मान द्यायचा.

मग तिघं हरले का?

आमच्या वर्गात यावर वाद झाला. काहीजण म्हणाले, "पकडले गेले, म्हणजे हरले." एकजण म्हणाला, "नाही जी! एवढं दूर गेले नं!" तुम्हाला काय वाटतं?

माझं मत सांगतो. महिनोन्‌महिने धीर धरला, एकमेकांवर विश्वास ठेवला, भिंत फोडली, तीन गाड्या बदलून खैबर खिंड गाठली. हे सगळं ज्यांना जमलं ते हरलेले नव्हेत. पण चूक झाली हेही खरं. ती चूक धाडसाची नव्हती, माहितीची होती. माहिती शिळी होती. बिष्णोईंना साध्या प्रवासी नकाशानं बरोबर जागा दाखवली आणि या तिघांना एका जुन्या नावानं अडवलं. म्हणून धाडसाला ताज्या माहितीची जोड हवी. पेपर सोडवताना, प्रवासाला निघताना, अगदी शेतात बियाणं पेरतानासुद्धा हेच लागू पडतं, खरं ना पालकहो?

आमचा तो जुना नकाशा मी फेकला नाही. मुलांनीच एक युक्ती केली. लाल खडूनं त्यावर गडचिरोली जिल्ह्याची सीमा आखली आणि बाजूला लिहिलं, '१९८२'. दक्षिणेला आंध्र प्रदेश छापलेलं होतं, तिथं लिहिलं, 'तेलंगणा, २०१४'. आता तो नकाशा आमच्या वर्गात टांगलेला असतो. मामाचा जिल्हाही सापडला!

करून पाहा

१) घरगुती होकायंत्र : शिवणाची सुई घ्या. लोहचुंबकाच्या एकाच टोकानं, एकाच दिशेनं ती ४०-५० वेळा घासा. मागे-पुढे घासू नका. पिंपळाच्या पानाचा छोटा तुकडा वाटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवा आणि त्यावर सुई अलगद ठेवा. पान हळूहळू फिरून सुई उत्तर-दक्षिण स्थिर होईल. वाटी स्टीलची नको, प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्या. सुई लहान भावंडांच्या हाती देऊ नका!

२) तुमच्या गावाचा नकाशा काढा : आधी आजोबा-आजीला विचारून त्यांच्या लहानपणचा काढा. मग आजचा काढा. कुठली पायवाट गेली, कुठला रस्ता आला, कुठलं नाव बदललं, ते लाल रंगानं दाखवा. कुणी सांगावं, तुमच्या गावातही एखादा 'लंडी खाना' दडलेला असेल!

३) दक्षिण आशियाचा नकाशा उघडा आणि बोट ठेवत जा : रावळपिंडी, पेशावर, जमरूद, लंडी कोतल, तोरखम. बोट तोरखमपाशी पोचलं की क्षणभर थांबा आणि त्या तिघांची आठवण काढा. आणि तांब्यांचीही.